डावा फाटका, उजवा आजारी

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला एक काळी पेटी आहे. आलेला पाहुणा तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवतो, आई काही न बोलता तो उचलून टीपॉयवर ठेवते, आणि पाहुणा बिचारा विचारात पडतो की आपलं चुकलं काय. पेटीत इलेक्ट्रिक गिटारचे बारा इंची दोन स्पीकर आहेत. सेलेस्टियन कंपनीचे, जी१२टी-७५, म्हणजे प्रत्येकी ७५ वॉटचे. काकांचा एक मित्र बोटीवर होता, त्याने १९८९ साली ते इंग्लंडहून स्वेटरांत गुंडाळून आणले. पेटी मात्र अस्सल ठाणेकर. कोलबाडच्या एका सुताराने १८ एमएमच्या मरीन प्लायची केलेली, वर काळं रेक्झिन, दोन्ही बाजूंना ट्रंकेला असते तशी लोखंडी कडी. हेड, म्हणजे त्यांना ताकद देणारा ॲम्प, लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराने जुळवून दिलेलं, ट्रान्झिस्टरचं, कागदोपत्री १०० वॉट.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. वर्षाची सगळी रजा गणपतीसाठी साठवलेली. आज भिवंडी, उद्या उरण, परवा पनवेल. टेम्पोत मागे ड्रम, ड्रमच्या बाजूला ही पेटी आणि पेटीवर काका. २००६ मध्ये त्यांची बोटं आखडायला लागली तेव्हा गिटार आणि पेटी दोन्ही माझ्या घरी आल्या. मी पॅकेजिंगच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चौघं वाजवतो, आणि गणपतीत एक दिवस मांडवात. माझा संगीताचा व्याप एवढाच.

२०२५ मध्ये जूनच्या शेवटी पाऊस असा लागला होता की गॅलरीतले कपडे तीन दिवस वाळत नव्हते. ऑफिसातून लवकर आले होते, म्हणून गिटार लावली. सगळ्यात जाडी तार, खालची ई, मोकळी छेडली आणि सुराच्या मागे काहीतरी फरफरलं. काडेपेटीत माशी अडकावी तसं. पुन्हा छेडली, पुन्हा माशी. आवाज कमी केला की गप्प.

लेक पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "आई, गेले तुझे स्पीकर. छत्तीस वर्षं झाली. अजून किती?"

तिने छत्तीस म्हटलं आणि त्या क्षणी माझे कान बिघडले. तोवर मला त्या पेटीचा आवाज ऊबदार वाटायचा, तोच आता मंद वाटायला लागला. गोल वाटायचा तो बोथट झाला. शेजारच्या आजोबांचं वय पंच्याऐंशी आहे असं कळलं की त्या दिवसापासून ते जिन्यात जरा जास्तच वाकलेले दिसतात, तसं काहीसं. आठवडाभर मी रोज रात्री हेडचे खटके फिरवत बसले आणि रोज मला नवीन काहीतरी बिघडलेलं सापडत गेलं.

नव्या स्पीकरांचे भाव विचारून झाले. एकाचे १३,००० सांगितले, म्हणजे जोडीचे २६,०००. लेकीचं दहावीचं वर्ष, क्लासची फी भरून झालेली, तरीही मी मनातल्या मनात २६,००० कुठल्या खात्यातून काढायचे ते ठरवायला लागले होते. दुकानदार म्हणाला, त्याच कंपनीचा व्हिंटेज ३० घ्या, सगळे तोच घेतात. त्यात एक गंमत आहे. कंपनीच्या कागदावर माझ्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठ्याने वाजतो ते, ९७ डेसिबल आहे आणि व्हिंटेज ३० ची १००. हे तीन डेसिबल दिसायला किरकोळ, पण ॲम्पची ताकद दुप्पट केल्यावर जेवढा फरक पडतो तेवढा तो आहे. म्हणजे स्पीकर बदलून मी न कळत १०० वॉटचा ॲम्प २०० वॉटचा केल्यासारखं झालं असतं, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या सभेत विषय काढला असता.

शेवटी एका रविवारी पेटी आडवी केली आणि उघडली. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मागच्या फळीचे स्क्रू गंजलेले. पावसाळा आणि खाडीचं वारं दोन्ही त्यांनी भरपूर खाल्लेलं, कारण काका राहतात कळव्याला आणि पेटी तिथे सतरा वर्षं खिडकीखाली होती. फळी काढायच्या आधी मी काकांना फोन लावला. त्यांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली: "स्क्रू ड्रायव्हर हातातून सुटू देऊ नकोस. पेटीच्या आत हात गेला की मूठ घट्ट." मला वाटलं, म्हातारं माणूस उगाच काळजी करतंय. पहिला स्पीकर सोडवताना मी घाम पुसायला मूठ जरा सैल केली, तर ड्रायव्हर आपण होऊन वळला आणि खट्कन मॅग्नेटला जाऊन चिकटला. स्पीकरच्या पेपरपासून, म्हणजे जो हलून आवाज करतो त्या कागदी पडद्यापासून, दोन बोटांवर. लोहचुंबक ओढतं हे शाळेत शिकले होते, पण किलोभराचा मॅग्नेट किती ओढतो ते त्या दिवशी कळलं.

दोन्ही स्पीकर आईच्या जुन्या सतरंजीवर उपडे केले, मग उलटे केले. मॅग्नेटवर इप्सविचचा पत्ता असलेली चिकटपट्टी, तिच्या बाजूला पेन्सिलने काकांचं अक्षर: एकावर "डा.", दुसऱ्यावर "उ."

डाव्याकडे पाहिलं आणि पोटात गोळा आला. पेपरच्या कडेला, जिथे वळ्या असतात तिथे, चार सेंटिमीटरची फट. उजवा अगदी कोरा करकरीत. मी लगेच निकाल दिला: माशी डाव्यात आहे. लेकीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवलासुद्धा.

इथे जरा थांबते, कारण स्पीकरच्या कडेबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो आणि माझाही होता. घरातल्या म्युझिक सिस्टमच्या स्पीकरला पुष्कळदा फोमची कड असते. ती काही वर्षांत आपली आपणच भुसा होऊन गळते, बोट लावलं तर बोटाला चिकटते. तसा स्पीकर जुना झाला म्हणजे संपला असं धरून चाललं तरी फारसं चुकत नाही. गिटारच्या ॲम्पमधल्या स्पीकरला तशी कड सहसा नसते. पेपर कडेपर्यंत सलग जातो आणि शेवटी त्याच कागदाच्या साडीच्या निऱ्यांसारख्या वळ्या असतात, त्यांवर चिकट लेप. हा कागद फाटू शकतो, दमट हवेत मऊ पडू शकतो, पण नुसत्या वयाने त्याचा भुसा होत नाही. वाजून वाजून तो थोडा सैलावतो, आणि जुन्या स्पीकरचा आवाज आवडतो म्हणणाऱ्यांना बरेचदा हा सैलपणाच आवडत असतो.

तर मीटर काढला. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, साडेसहाच्या आसपास दाखवतो, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो आणि ८ हा आकडा चालत्या सिग्नलचा असतो. हे माहीत नसलं की माणूस चांगला स्पीकर भंगारात काढतो. डावा ६.६, उजवा ६.४. दोन्ही कॉइल, म्हणजे पेपर हलवणारी तारेची वेटोळी, जिवंत.

मग बोटांची परीक्षा. पेपरच्या मधल्या टोपीभोवती दोन्ही हातांची बोटं सारख्या अंतरावर ठेवायची आणि अगदी हलक्या हाताने, सरळ आत दाबायचं. वाकडं दाबलं तर चांगला स्पीकरही घासतो आणि आपण त्याला उगाच दोष देतो. डावा आत गेला, बाहेर आला, काही आवाज नाही. गरम इडली दाबल्यासारखं. उजवा आत जाताना खर्र. मी श्वास रोखून पुन्हा दाबला. जुन्या काडेपेटीच्या बाजूवर ओली काडी ओढावी तसा खरखरीत, कोरडा आवाज. कान जवळ नेला तर स्पष्ट.

फाटका होता तो ठणठणीत. देखणा होता तो आजारी.

कॉइल ज्या फटीत वरखाली होते ती मिलिमीटरभर रुंद असते, त्यात कॉइलच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते ती केसाएवढी. स्पीकर आपटला आणि मॅग्नेट जरा सरकला, कॉइल तापून फुगली, फटीत गंज आला किंवा उभा ठेवलेला पेपर स्वतःच्या वजनाने वर्षानुवर्षं खाली झुकत गेला, की ती जागा संपते. खालच्या ई तारेचा सूर ८२ हर्ट्झचा आणि या स्पीकरचा स्वतःचा सूर ८५ हर्ट्झच्या आसपासचा, त्यामुळे तिथेच पेपर सगळ्यात जास्त हलतो. माशी जाड्या तारेवर का बोलत होती ते असं जुळलं.

आता परीक्षा अर्धी टाकायची नाही म्हणून दोन्ही स्पीकर परत बसवले आणि मोबाइलवर सूर काढणारं एक ॲप घेतलं. मोबाइल ॲम्पला जोडून ८० हर्ट्झपासून हळूहळू वर जायचं. ८० ते १०० मध्ये उजव्याची खरखर, अपेक्षेप्रमाणे. पुढे शांत. आणि मग १९६ ला, म्हणजे बरोबर मोकळ्या जी तारेच्या सुरावर, एक वेगळंच झणझण. लेकीने पेटीच्या बाजूला हात टेकला तर बंद. हात काढला तर चालू. कडी! लोखंडी कडीचा एक खिळा ढिला होता आणि ती सुराला सूर देत होती. मी खिळा बसवला आणि कडीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा सारला. खर्च शून्य. त्या आठवड्यात मला ऐकू आलेल्या बिघाडांपैकी निम्मे तरी या कडीचे असावेत असं आता वाटतं.

रात्री काकांना फोन केला. "काका, डावा चार सेंटिमीटर फाटलाय, तुम्हाला माहीत होतं?"

"तो ना? उरणला. खुर्चीचा पाय गेला होता आत. चौऱ्याण्णव असेल."

"आणि तसाच वाजवलात?"

"तसाच कसा? नेलपॉलिश लावलं होतं की. तुझ्या काकूचं."

मी टॉर्च घेऊन पुन्हा पाहिलं. फटीच्या एका टोकाला खरोखरच नखाएवढा गुलाबी तकतकीत डाग होता. त्या डागाच्या कडेपासूनच पुढची फट सुरू झालेली. म्हणजे १९९४ साली फाटलं होतं बोटभर, तेवढं नेलपॉलिशने धरून ठेवलं. पण ते सुकून कडक होतं, आणि मऊ हलणाऱ्या कागदात एक कडक ठिगळ बसलं की कागद ठिगळाला लागून मोडतो. फेविक्विक त्याहून वाईट. काकांना हे सांगितलं नाही. काकूचं नेलपॉलिश एकतीस वर्षं टिकलं यावर ते खूश होते.

डाव्याची डागडुजी मी घरीच केली. टिश्यू पेपरचा एकच पदर वेगळा काढायचा, कात्रीने न कापता हाताने फाडायचा म्हणजे कडेला धागे सुटतात आणि ठिगळाची धार राहत नाही. फेविकॉल अर्ध्याला अर्धं पाणी घालून पातळ करायचं आणि लेकीच्या जुन्या वॉटरकलरच्या ब्रशने लावायचं. आधी मागून एक पदर, सुकल्यावर पुढून एक, मग मागून आणखी एक. वळ्यांच्या खाचेत ब्रशच्या टोकाने टिश्यू बसवताना माझी जीभ आपोआप बाहेर येते, रांगोळी काढताना येते तशी. एरवी एका रात्रीत सुकलं असतं, जुलैतल्या ठाण्यात अडीच दिवस लागले. सुकल्यावर ठिगळ दिसतं, पण बोटाला लागत नाही.

फाटकं तसंच ठेव, असं सांगणाराही एक जण आमच्यात निघाला, आमचा ड्रमर. त्याचं म्हणणं, जगाला गिटारचा खरबरीत आवाज फाटक्या स्पीकरनेच दिला. ते खोटं नाही. १९६४ साली लंडनच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा ॲम्पच्या स्पीकरचा पेपर मुद्दाम ब्लेडने कापला होता, आणि तो आवाज जगभर गेला. पण त्याने कापला, माझा उरणच्या खुर्चीने कापला. शिवाय आम्हाला गणपतीत भावगीतं वाजवायची असतात.

उजव्याला आधी घरगुती उपाय. झुकलेल्या पेपरवर जुना तोडगा आहे: स्पीकर सोडवायचा, अर्धा फिरवायचा, जो भाग खाली होता तो वर आणायचा आणि पुन्हा कसायचा. आजवर ज्या दिशेने झुकला त्याच्या उलट झुकू दे. केलं. खरखर गेली! मी तो आनंद तीन जणांना फोन करून सांगितला. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये दुसऱ्याच गाण्याला माशी परत.

आता "चालतंय तोवर चालवू" हा पर्याय मी बाद केला. घासणारी कॉइल नुसता आवाज करून थांबत नाही. तारेवरचा लेप झिजतो, वेढे एकमेकांना चिकटतात, ओहम उतरतो, आणि माझ्यासारख्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला ओहम उतरणं सोसत नाही. माझे दोन्ही स्पीकर समांतर जोडलेले, म्हणजे ॲम्पला आधीच ४ ओहम. त्याखाली गेलं तर शेवटचे ट्रान्झिस्टर जळायची भीती. व्हॉल्व्हच्या ॲम्पचं उलटं असतं, त्याला स्पीकर तुटून मोकळा झाला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा धोका. कुठलाही ॲम्प असो, घासणारा स्पीकर हा स्वतःपुरता राहत नाही.

खोपटच्या एका गल्लीत स्पीकर दुरुस्त करणारे एक मास्टर आहेत. दुकान म्हणजे दीड शटर. जुलैच्या शेवटी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. डीजेवाल्यांचे अठरा इंची राक्षस, बेंजो पार्टीवाल्यांचे भोंगे, सगळ्यांना गणपतीच्या आधी हवे. जळालेल्या कॉइलचा करपट वास दारातच येतो. मास्टरांनी माझा स्पीकर एकदाच दाबला, ऐकला, आणि म्हणाले, "ताई, कॉइल घासतेय. टोपी काढून बघू?"

ब्लेडने टोपी गोल कापली, आत टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. कॉइल ज्या नळीवर गुंडाळतात ती एका बाजूने तपकिरी झाली होती आणि गोल राहिली नव्हती. पोहे खाताना चमच्याने दाबलेल्या कागदी वाटीसारखी किंचित लांबट.

"पेपर आणि कॉइल नवीन टाकावी लागेल. कंपनीचा पेपर माझ्याकडे नाही. मापाचा चांगला टाकतो. १,८०० होतील." मग माझ्याकडे बघून, "दुसरा पण आणा. दोन्हीचे ३,२०० घेईन. जोडी सारखी होईल."

हिशेबाच्या माणसाला ३,२०० हा आकडा फार गोड वाटतो. रिक्षा पकडेपर्यंत मी जवळजवळ हो म्हणायच्या बेतात होते. पण पेपर, कॉइल आणि तिला मधोमध धरणारा वळ्यांचा स्पायडर बदलला की त्या स्पीकरचं जुनं उरतं काय? लोखंडी सांगाडा आणि मॅग्नेट. मॅग्नेट फेराइटचा, तो छत्तीस वर्षांत म्हणण्यासारखा मंदावत नाही, म्हणजे त्याची काळजी नव्हतीच. आवाज असतो पेपरात. जो निरोगी आहे त्याला केवळ जोडी जमावी म्हणून टेबलावर झोपवायचं? डावा मी दिला नाही. मास्टरांना ते पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. "गणपतीआधी हवा असेल तर आजच ठेवून जा. नाहीतर थेट अनंत चतुर्दशीनंतर."

आणायला गेले तेव्हा शेवटचं काम बाकी होतं म्हणून थांबले, आणि ते बघायला मिळालं याचं बरं वाटतं. कॉइल फटीच्या अगदी मधोमध राहावी म्हणून त्यांनी तिच्या आत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या उभ्या सारल्या होत्या. कुणाच्या तरी बरगड्या. गोंद सुकेपर्यंत त्या पट्ट्याच कॉइल धरून ठेवतात. एकेक पट्टी चिमट्याने उपसली, चारही बोटांनी पेपर दाबला, माझ्याकडे बघून भुवई उडवली. आवाज नाही. मग टोपी, टोपीच्या कडेला गोंदाची रेघ, आणि जुना पेपर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात. तो मी मागितला होता. तो आता कपाटावर आहे आणि आई दर रविवारी विचारते, "हे टाकू का?"

घरी येऊन जोडला. हेड चालू केलं. आणि जो काही आवाज आला तो ऐकून मी खुर्चीवर बसलेच. पातळ. पत्र्याच्या डब्यात गिटार. जाड्या तारा जणू शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजतायत. १,८०० गेले, छत्तीस वर्षांचा आवाज गेला, सगळं माझ्या हाताने. त्या रात्री मी व्हिंटेज ३० ची जोडी मोबाइलवर कार्टमध्ये टाकून झोपले.

पहाटे पाचला पाण्याच्या मोटरीच्या आवाजाने जाग आली आणि अंथरुणातच एक शंका आली. गिटारच्या पेडलमधली ९ व्होल्टची बॅटरी काढली. बॅटरीचं धन टोक स्पीकरच्या धनाला, ऋण ऋणाला, क्षणभरच टेकवायचं, जास्त वेळ नाही. डाव्याचा पेपर पुढे आला. उजव्याचा मागे गेला. मास्टरांच्या दुकानात गर्दीच्या दिवसात कॉइलच्या दोन तारा उलट्या डागल्या गेल्या होत्या. एक स्पीकर हवा ढकलतोय, दुसरा त्याच वेळी ओढतोय, आणि दोघं मिळून जाड्या सुरांचा जीव घेतायत. लाल-काळ्या वायरी अदलाबदल केल्या. सकाळी सहाला आवाज करता येईना, म्हणून अगदी हळू ई तार छेडली. पोटात जाणवली. कार्ट रिकामी केली.

आता दोन्हीत फरक आहे का? आहे. नवा पेपर जरा ताठ, वरचे सूर पुढे, आणि बहुतेक जड असल्यामुळे डाव्याहून आवाजाने थोडा हळू. हळू असणं माझ्या पथ्यावर पडलं. एका पेटीत दोन वेगळे स्पीकर असले की मोठ्याने बोलणाऱ्याचं म्हणणं ऐकू येतं, आणि इथे मोठ्याने बोलणारा अजून डावाच आहे. मांडवात माइक लावायचा तोही डाव्यासमोर.

स्वतःवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, म्हणून लेकीला कामाला लावलं. मी भिंतीकडे तोंड करून वाजवायचं, तिने मागे एकेक स्पीकर सोडायचा, मी ओळखायचं. वहीत नोंद आहे: घरी एकटी वाजवताना १० पैकी ९ बरोबर. हॉलमध्ये ड्रम आणि बेससोबत, १० पैकी ५. पाच म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले. आमचा कार्यक्रम चौथ्या दिवशी होता आणि काका आले होते, पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत, काठी गुडघ्यात. नव्या पेपरबद्दल मी मुद्दामच काही बोलले नव्हते. कार्यक्रम संपला, आरती झाली, ते पेटीजवळ आले, रेक्झिनवरून हात फिरवला.

"आवाजात काहीतरी कमी आहे गं."

माझ्या पोटात धस्स. म्हटलं, "उजवा पेपर नवीन टाकलाय, काका. कॉइल गेली होती."

"तसं नाही." त्यांनी मान हलवली. "जी तारेवर झणकार यायचा एक. छान यायचा. तो कुठे गेला?"

मी वाकून कडीखालचा सायकल ट्यूबचा तुकडा दाखवला. काका बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नव्वद सालापासून मला वाटत होतं तो इंग्लंडचा आहे."

तुकडा अजून तिथेच आहे. शनिवारी काका नसताना काढून बघणार आहे.